मंडळीचा वडील झालो, शेती आहे, पंचायतीचाही आग्रह आहे. ‘पूर्ण मनाने’ म्हणजे रोजच्यात नेमकं काय करायचं?

कोरडवाहू_चार_एकर

सगळ्यांना प्रभूच्या नावाने सलाम. यवतमाळ जिल्हा, कापूस-तूर-सोयाबीनचं गाव. ख्रिस्ती घरं तीसेक. पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) तीन गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्यातले दोनच रविवार. यंदा मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मला वडील (मंडळीचा कारभार पाहणारा ज्येष्ठ) म्हणून निवडलं. उपदेशात दरवेळी पवित्र शास्त्रातलं अनुवाद 6:5 निघतं, देवावर प्रीती कर, पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने. ऐकायला बरं वाटतं. पण सोमवारी सकाळी डवऱ्याला बैल जुंपताना त्या वचनाचं करायचं काय, हे कोणी सांगत नाही.

वाचन-प्रार्थना पेरणी लागली की बंद पडते. रविवारीच वापसा (पेरणीजोगी ओल) आला तर पेरायचं की नाही यावर घरोघरी वाद. मजुरी, वजनाचा काटा, सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा), पोळा यात ख्रिस्ती माणसाने कसं वागावं यावर प्रत्येकाचं मत वेगळं. दानाचा हिशेब एकाच भावाच्या वहीत आहे, तो प्रामाणिक आहे असं सगळे म्हणतात, पण वही कोणी पाहिलेली नाही. वरून ग्रामपंचायतीला उभं राहा म्हणून गावातले काही मागे लागलेत. उपदेश नको, काय करायचं आणि कुठे चुकतं ते सांगा.

---

सातची_उपासना

भाऊ, वाचनापासून सुरू करतो, कारण सगळ्यात आधी मोडतं ते हेच.

नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक धरला तर 52 आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. ते दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवा. ज्यांच्याकडे विहीर-मोटर आहे त्यांना रब्बीत रात्रपाळीची लाईन आली की पहाटे पाचला उठून वाचणं होत नाही. तो माणूस रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन पाचला घरी येतो. त्याला ‘पहाटेची प्रार्थना चुकली’ म्हणून टोचू नका. त्याची वेळ दुपारच्या जेवणानंतर लावून द्या.

अख्खं पवित्र शास्त्र 1189 अध्यायांचं. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात होतं. पण लोक 1 जानेवारीला उत्पत्तीपासून जोरात सुरू करतात, जानेवारी संपता संपता लेवीय लागतं, आणि नेमकी तेव्हाच कापसाची शेवटची वेचणी आणि हरभऱ्याची सोंगणी अंगावर येते. तिथे जे थांबतं ते पुढच्या जानेवारीपर्यंत. नवशिक्यांना आधी मार्कचं शुभवर्तमान द्या, 16 अध्याय, तीन आठवड्यांत होतो. मग प्रेषितांची कृत्ये, मग याकोब. नीतिसूत्रांचे अध्याय 31, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचता येतो. आज 14 तारीख तर चौदावा. मधले चार दिवस बुडाले तरी ‘मागे पडलो’ ही भावना येत नाही. हंगामात हाच एक प्रकार टिकतो.

घरची प्रार्थना पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. एक गीत, वाचन लेकरांपैकी एकाने करायचं, दोघांनी प्रार्थना, झालं. वडील झालेली माणसं इथे हमखास घोळ करतात. घरच्यांनाच उपदेश देत बसतात, पाऊण तास जातो, लेकरं भिंतीला टेकून झोपतात आणि आठवड्याभरात ‘आज राहू द्या’ सुरू होतं.

रविवार आणि वापसा. प्रभूने शब्बाथाबद्दल काय सांगितलं ते मार्क 2:27 मध्ये आहे, आणि विहिरीत पडलेल्या बैलाचं उदाहरण लूक 14:5 मध्ये. पण ते उदाहरण अडचणीतल्या जनावराचं आहे, दर रविवारच्या सोयीचं नाही. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतंच. तेवढा पाऊस मुरलेल्या काळ्या भारी जमिनीचा वापसा दोन तासांत जात नाही. हलक्या बरड रानाचा लवकर जातो, हे खरं. म्हणून जून-जुलैत उपासना सकाळी सातला घ्या, साडेआठला लोक मोकळे. पाळकसाहेब येणार नसतील त्या रविवारी वडिलांनी चालवा. ज्याचं रान हलकं आणि पुढे झड लागायची चिन्हं आहेत, त्याने पेरावं. त्याच्याबद्दल मंडळीत कुजबूज होऊ नये हे पाहणं तुमचं काम. मात्र आपल्या सोयीसाठी मजुरांना रविवारी बोलावून स्वतः उपासनेत बसणारा शेतकरी असेल तर त्याच्याशी बोला. विसाव्याची आज्ञा अनुवाद 5:14 मध्ये दास-दासी आणि बैल-गाढवापर्यंत जाते.

---

धुऱ्यावरून

मी शेताचंच बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

वडिलाची परीक्षा मंडळीत होतच नाही बाप्पा. 1 तीमथ्य 3:7 वाचा, बाहेरच्यांनी त्याच्याबद्दल चांगली साक्ष दिली पाहिजे म्हणते. गावात बाहेरचे कोण? किराणावाला, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी), वेचायला येणाऱ्या बाया. वडील निवडायच्या आधी दुकानात उधारी किती थकली हे विचारावं, अर्धं कळून जाते.

मजुरी. आपल्याकडे चुकारा आठवडी बाजाराच्या हिशेबाने होते. बाजार मंगळवारचा असेल तर पैसे सोमवारी संध्याकाळी हातात पडले पाहिजेत. मंगळवारी दुपारी ‘सुटे नाहीत, उद्या ये’ म्हणणं म्हणजे त्या बाईचा आठवड्याचा बाजार बुडवणं. अनुवाद 24:15 मध्ये सूर्य मावळायच्या आत द्या म्हटलं आहे, याकोब 5:4 त्याच्याहून कडक. आठवड्याने द्यायचं बोलणं आधीच झालं असेल तर चालते, पण ठरलेला दिवस हलवायचा नाही.

काटा. वेचाई किलोवर असते, म्हणून काट्यातच खरी बेइमानी होते. ताणकाट्याचं स्प्रिंग जुनं झालं की तो चुकते, आणि नेमका मालकाच्याच बाजूने चुकणारा काटा कोणी बदलत नाही. हंगामाच्या आधी तपासा. रिकामा कॅन आधी मोजा, मग त्यात मापाने 20 लिटर पाणी भरून टांगा. कॅनचं वजन वजा करून 20 किलो आलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर वैधमापनचा शिक्का दरवर्षी लागते. गाठोड्याच्या कापडाचं वजन एकदा मोजून सगळ्यांसमोर सांगा आणि तेवढंच वजा करा, अंदाजाने ‘दीड किलो कट्टी’ नको. सकाळच्या दवात वेचलेला कापूस जड भरते, यावरून नेहमी भांडण. उपाय सोपा आहे, दव उडाल्यावर वेचणी लावा. आणि जो मालक मजुराच्या ओल्या कापसावर कट्टी लावते, तोच विकायला नेताना गाडीवर पाणी मारते. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) 8 टक्के ओलावा धरते, त्याच्यावर कापत जाते आणि 12 च्या वर घेतच नाही. म्हणजे त्यात फायदाही नाही, पाप फुकटचं. नीतिसूत्रे 11:1 लेकरांना पाठ असते, काट्यावर कोणाला आठवत नाही.

सरवा, म्हणजे काढणीनंतर वावरात सांडून राहिलेलं. लेवीय 19:9 आणि 23:22. सोयाबीन मशीनमधून निघालं, तूर सवंगून झाली की लोक लगेच ढोरं सोडतात, नाहीतर सरवा वेचणारीकडे अर्धा वाटा मागतात. तसं करू नका. दोन दिवस वावर मोकळं ठेवा, गावातल्या विधवा-निराधार बायांना आधी सांगा, मग ढोरं. याला एक पैसा लागत नाही आणि गावात याच्याइतकी साक्ष दुसरी नाही.

सवाई-दिढी, म्हणजे दिलेल्याच्या सव्वापट-दीडपट परत घेणं. मंडळीतला कोणी बी-बियाणं किंवा धान्य सवाईने देत असेल आणि तोच वडील किंवा डीकन (मंडळीचा सेवक) असेल, तर नहेम्या 5 सगळ्यांसमोर वाचा आणि थांबवायला लावा. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागते, ती गोष्ट वेगळीच.

सीतादही. पहिल्या वेचणीला बाया दहीभात घेऊन येतात, झाडाजवळ पूजा करतात. त्यांना अडवू नका, तो त्यांचा विश्वास आहे. तुम्ही हात जोडू नका, पूजेचं सामान आणून देऊ नका. वेळ द्या, त्या दिवशीचं जेवण तुमच्याकडून द्या. आणि पहिल्या कापसाची उपकारस्तुती तुमच्या घरच्यांसोबत वावरातच करा, अनुवाद 26 त्यासाठीच आहे. पोळ्याला बैल धुवा, शिंगं रंगवा, खांदे तुपाने चोळा, त्या दिवशी जुंपू नका. यात काही बिघडत नाही. तोरणाखाली पूजेला उभं राहायचं की नाही हे प्रत्येक मंडळीत वेगवेगळं ठरलं आहे, पण ठरलं ते आधी ठरवा. ऐन वेळी तिथून पाय काढता घेतला की गावाला अपमान वाटते.

गावजेवणाचं उत्तर 1 करिंथ 10:27-29 मध्ये आहे. वाढलं ते मुकाट खा. हा नैवेद्य आहे असं कोणी सांगितलं तर राहू द्या, पण भाषण न देता. वर्गणीला आले की तोंड लपवू नका. गणपतीला नाही देत, शाळेच्या पाण्याच्या टाकीला तेवढेच देतो असं म्हणा, आणि खरंच द्या. लोक दुसरा भाग विसरतात.

---

रोकडवही

“तो प्रामाणिक आहे पण वही कोणी पाहिलेली नाही.” हे वाक्य वाचून थांबलो. विदर्भातल्या निम्म्या मंडळ्यांचं भांडण या एका वाक्यात आहे.

प्रामाणिक माणसालाच आधी वाचवायचं असतं. पौल स्वतः प्रेषित, तरी यरुशलेमची वर्गणी न्यायला त्याने सोबत माणसं घेतली, आणि आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून घेतो असं 2 करिंथ 8:20-21 मध्ये सांगितलं. 2 राजे 12:9-10 बघा. झाकणाला भोक पाडलेली पेटी, आणि पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघे. एक राजाच्या बाजूचा, एक मंदिराच्या. आपण मात्र मेव्हण्याला साक्षीदार करतो.

आता कामाचं. पेटीला दोन कुलुपं, किल्ल्या दोन घरांत, आणि ती घरं एकमेकांच्या नात्यातली नकोत. उपासना संपली की तिथेच, लोक असतानाच मोजणी. घरी नेऊन मोजायचं नाही. चिठ्ठीवर नोटांप्रमाणे लिहा, 500 च्या किती, 200 च्या किती, 100, 50, 20, 10, नाणी. एकूण आकडा अंकांत आणि अक्षरांत. दोघांच्या सह्या, तारीख. चिठ्ठीची एक प्रत फाईलला, दुसरी पैशांसोबत खजिनदाराकडे. बँक उघडली की पहिल्या दिवशी भरणा, आणि भरण्याची पावती त्या चिठ्ठीला टाचायची. चिठ्ठीवरचा आकडा आणि पासबुकातला आकडा जुळला पाहिजे. पूर्ण जुळला पाहिजे.

बिघडतं ते इथेच. रविवारच्या पैशांतूनच पाळकसाहेबांचं पेट्रोल, चहा, स्पीकरवाला, असं देऊन टाकतात आणि उरलेले भरतात. मग जमा कमी दिसते, खर्च दिसतच नाही, आणि तीन वर्षांनी कोणी विचारलं की दोन्ही बाजू खऱ्या बोलत असूनही भांडतात. जमा पूर्ण भरा, खर्चासाठी रक्कम वेगळी काढा. किरकोळ खर्चाला हातात 2000 पुरे, ते संपले की व्हाउचर दाखवून पुन्हा तेवढेच घ्या.

क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा हवा. पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या मोबाइलचा स्कॅनर भिंतीला लावलेला दिसतो, तो आजच काढा. त्यात कोणाची नियत वाईट नसते, पण त्याच खात्यात त्याचा पीक विमाही येतो आणि कृषी केंद्राची उधारीही जाते. वर्षाअखेर वेगळं करताच येत नाही. बँक खातं दोघांच्या सहीचं, आणि त्यातली एक सही पाळकांची नसली तर बरं.

दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) धान्यात येतो, त्याची वही वेगळी. कोणी किती हे जाहीर वाचू नका (मत्तय 6:1-4), पण देणाऱ्याला पावती द्या. पोतं आलं त्या दिवशी वजन, जिन्नस, आणि विकलं त्या दिवशी दर, घेणारा, रक्कम. सोयाबीन चार महिने ठेवून भाव वाढायची वाट पाहणं हे मंडळीचं काम नाही. घूस लागते, ओल लागते, आणि भाव पडला की दोष वडिलांवर. फार तर महिनाभर ठेवा. धान्य साठवणाऱ्याच्याच घरातून विक्री नको.

बांधकाम निधी, मदत निधी, चालू खर्च, तीन वेगळे रकाने. बांधकामाच्या पैशांतून पगार भागवला की पुढच्या वर्षी कोणी बांधकामाला देत नाही. आणि पेरणीच्या तोंडावर मंडळीच्या पैशांतून उसनवारी, हे कडक बंद. खरंच गरज असेल तर मदत निधीतून, लिहिलेल्या नियमाने, वडिलांपैकी दोघांच्या मंजुरीने, आणि ज्याला हवं त्याने स्वतः मंजुरीत बसायचं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सूचनांच्या वेळी चार आकडे वाचा: मागील शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक. दोन मिनिटं लागतात. त्याच आकड्यांचा कागद दाराला लावा.

मालमत्तेचं थोडक्यात. चर्चची जागा कोणाच्या नावावर आहे ते आधी शोधा. आपल्याकडे अकोला-अमरावती-खामगाव पट्ट्यात अलायन्स मिशनची, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीनची, यवतमाळकडे फ्री मेथडिस्टांची कामं जुनी, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात स्थापन झालेल्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्या अनेक जिल्ह्यांत. प्रत्येकाची विश्वस्त संस्था वेगळी, नियम वेगळे. तुमचा गट स्वतंत्र नोंदणीकृत न्यास असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जमीन विकायला, किंवा शेतजमीन 10 वर्षांच्या वर आणि इमारत 3 वर्षांच्या वर भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कलम 36. बदल अर्ज वर्षानुवर्षं न दिल्यामुळे मेलेली माणसं कागदावर विश्वस्त राहतात, आणि मग ज्याला जागा विकायची असते त्याचंच फावतं.

बाहेरदेशातल्या कोणी ‘पाळकांच्या खात्यात पाठवतो’ म्हटलं तर नाही म्हणा. परदेशी देणगी फक्त एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. ओळखीचा असला तरी.

---

उपकेंद्राच्या_वाटेवर

दादा, वडील म्हटलं की आजाऱ्यासाठी प्रार्थनेला बोलावणं येणारच. याकोब 5:14 प्रमाणे जायचंच. पण इथे काही गोष्टी ठरवून घ्या, नाहीतर जीव जातात.

साप चावला असा निरोप आला तर आधी 108 ला फोन करायला सांगा, नाहीतर मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालयात. प्रार्थना गाडीत होते. चावलेला पाय हलवू द्यायचा नाही, दोरी करकचून आवळायची नाही, कापायचं-चोखायचं नाही. सोयाबीन कापणीच्या दिवसांत हा प्रसंग हमखास येतो. मांत्रिक सोडलेली माणसं कधी कधी त्याच्याच जागी वडिलांना बसवतात, तुम्ही तिथे बसू नका. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा धर्म विचारत नाही.

टीबीच्या गोळ्या नेहमीच्या उपचारात सहा महिने. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि माणूस मंडळीत उभा राहून ‘प्रभूने बरं केलं, गोळ्या सोडल्या’ अशी साक्ष देतो. त्या साक्षीला टाळ्या वाजल्या की पुढचे दोघं गोळ्या सोडतात, आणि उलटलेला टीबी साध्या औषधाला दाद देत नाही. साक्षीच्या आधी विचारा, डॉक्टरांनी कोर्स पूर्ण झाला म्हटलं का? सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आपल्या विदर्भात बऱ्याच घरांत आहे. त्यांचं औषध रोजचं असतं, आणि प्रार्थनेचा उपवास त्या लेकरांनी पाण्याशिवाय करू नये, अंगात पाणी कमी झालं की वेदनेचा झटका येतो. त्यांना उपवासातून सरळ मोकळं करा.

भेटी द्यायच्या त्या दोघांनी मिळून. घरात बाई एकटी असेल तर तुमच्या घरच्यांना सोबत न्या किंवा ओसरीत बसून बोला. कोणी आपली अडचण सांगितली तर ती प्रार्थना विनंती म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ‘अमक्या बहिणीच्या घरात शांती यावी’ एवढं लिहिलं तरी गावाला कळतं की नवरा पितो. विचारा, चालेल का, मगच सांगा.

आणखी एक. भगिनी सभेचे पैसे बचत गटाच्या पैशांत मिसळू देऊ नका. दोन्हींची अध्यक्ष एकच असली की हे होतंच.

---

सभेचा_कोरम

पंचायतीचं सांगतो. उभं राहायला हरकत नाही. दानीएल परक्या राजाच्या दरबारात होता, आणि त्याच्या विरोधकांना कारभारात खोट सापडली नाही असं दानीएल 6:4 सांगतं. तीच पट्टी तुमच्यासाठी.

पण अर्ज भरायच्या आधी जागा कोणती आहे ते पाहा. आमच्या समाजात बरेच जण कागदावर वेगळे आणि रविवारी वेगळे आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, 1956 पासून शीख आणि 1990 पासून बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती माणसाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्येही हेच सांगितलं, की ख्रिस्ती विश्वास पाळत असताना केवळ लाभासाठी तो दर्जा मागणं ही संविधानाची फसवणूक आहे. हा नियम अन्यायाचा आहे असं मानणारे आहेत, त्यावर लढाही जुना आहे, आणि तो लढा देणं वेगळं. पण अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर उभं राहायचं आणि मंडळीत वडील म्हणून बसायचं, ही दोन्ही कामं एका तोंडाने होत नाहीत. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीच्या गोंड ख्रिस्ती भावाला ही अडचण येत नाही. इतर मागासवर्गात तुमची नोंद बसते का ते राज्याच्या यादीत पाहा. नाहीतर सर्वसाधारण जागा.

निवडून आलात तर. वर्षाला किमान चार ग्रामसभा, सात दिवस आधी नोटीस, गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. सभा न घेतल्याने सरपंचपद जाऊ शकतं. आपल्याकडे सभा कागदावर होते आणि वही घरोघरी सह्यांना फिरते. त्या वहीवर पहिली खोटी सही केली की पुढच्या सगळ्या सोप्या होतात. न झालेल्या सभेवर सही नाही, हे पहिल्याच महिन्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना शांतपणे सांगा.

पंचायतीच्या कामात तुमचा किंवा भागीदाराचा हिस्सा नको, अगदी मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरचाही. 1958 च्या अधिनियमाचं कलम 14 त्यासाठी अपात्र ठरवतं. ‘टक्केवारी’ घ्यायची नाही एवढं म्हणून भागत नाही. बिल निघायच्या आधी काम मोजून घेतलं, नालीची लांबी टेपने मोजली आणि मोजमाप वहीशी पडताळली, की टक्केवारीला जागाच कमी राहते. सिमेंट रस्त्याची जाडी कडेला खणून पाहता येते.

भूमिपूजनाला नारळ फोडायची वेळ येईल. आधीच उपसरपंचांना किंवा गावातल्या ज्येष्ठाला तो मान द्या आणि तुम्ही कुदळ मारा, कोणाला काही वाटत नाही. हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ठरवायचं, माइकवर नाही.

पंचायतीचा निधी चर्चच्या कंपाउंडला वळवू नका, ओळखीने पेव्हर ब्लॉकसुद्धा नाही. दफनभूमीची गोष्ट वेगळी, ती नागरी सोय आहे आणि गावोगावी तिची अडचण आहे. ग्रामसभेत ठराव, सातबारा जोडून जागेची मागणी, तहसीलकडे पाठपुरावा, असा सरळ रस्ता धरा. सरपंच म्हणून स्वतःच्या समाजाचा विषय असेल तर ठराव दुसऱ्या कोणी मांडावा.

जागा महिला राखीव निघाली तर ‘सरपंचपती’ होऊ नका. वहिनींना निवडून आणून सह्या तुम्ही सांगणार असाल, तर त्यापेक्षा उभं न राहिलेलं बरं.

शेवटचं म्हणजे वेळ. पाळकसाहेब दोनच रविवार येतात म्हणजे बाकीचा भार तुमच्यावर. निर्गम 18 मध्ये इथ्रोने मोशेला जे सांगितलं ते आधी करा, दहा-दहा घरांना एक जबाबदार माणूस. तीस घरांना तीन पुरे. तशी माणसं उभी राहत नसतील तर पंचायत या खेपेला सोडा.

---

कोरडवाहू_चार_एकर

सगळ्यांचे आभार, छापून ठेवण्यासारखं आहे. रोकडवही भाऊ, एकच विचारतो. वही ज्यांच्याकडे आहे ते काका वयाने मोठे, वीस वर्षं तेच पाहतात. वही मागितली तर ‘माझ्यावर संशय घेता का’ म्हणतील आणि त्यांची चार घरं उपासनेला येणं बंद करतील. सुरुवात कशी करावी?

---

रोकडवही

जुनी वही मागूच नका, निदान आत्ता नाही. पुढच्या रविवारपासून दोघांनी मोजण्याची पद्धत सुरू करा, आणि त्या दोघांतले पहिले काका. आधी त्यांच्या घरी जाऊन एकट्याने सांगा, मंडळीत जाहीर करून नाही. मत्तय 18:15 चा क्रम भांडणासाठीच नाही, अवघड बोलण्यासाठीही तोच बरा. सांगायचं एवढंच की काका, उद्या तुमच्या माघारी कोणी तुमच्यावर बोट दाखवू नये म्हणून कागद करून ठेवू.

31 मार्चला जुन्या वहीची शिल्लक त्यांच्याच हाताने लिहून घ्या, पासबुक आणि हातातली रोकड मोजून, तीन सह्या. तो आकडा नव्या वहीचा पहिला आकडा. कमी भरला तर तिथल्या तिथे आरोप करू नका, ‘जुळत नाही’ एवढंच लिहा आणि पाळकसाहेबांसमोर बसा. वडिलावर आरोप घ्यायचा तर दोन-तीन साक्षीदार लागतात, 1 तीमथ्य 5:19. ते काकांना लागू आहे, आणि उद्या तुम्हालाही.

नव्या वहीची पानं आधीच क्रमांक टाकून घ्या, आणि सुट्या पानांची वही घेऊ नका. शिवलेली घ्या.

---

धुऱ्यावरून

आणि पेटीची दुसरी किल्ली काकांकडेच राहू द्या.